तोफा, बैल आणि लटांबर

दख्खनच्या लढायांत फौजेबरोबर चालणारे अवजड सामान प्रामुख्याने तीन प्रकारचे असे. एक, किल्ले फोडण्यासाठी लागणाऱ्या मोठ्या तोफा. दुसरे, सरदारांचे डेरे-राहुट्या आणि त्यांचा सरंजाम. आणि तिसरे, या सगळ्याच्या मागून चालणारे बुणगे. बुणग्यांत न लढणारी सगळी माणसे येत : वाणी, लोहार, सुतार, पखालजी, मोतद्दार, खिजमतगार, बायकामुले आणि फौजेच्या आधाराने काशी-प्रयाग गाठू पाहणारे यात्रेकरू. लढाईच्या वर्णनांत घोडा आणि तलवार यांना मानाचे पान मिळते, पण मोहिमेचा वेग बहुतेक वेळा बैल ठरवी. रोजची मजल किती, मुक्काम कोणत्या ओढ्याकाठी, नदी कुठल्या उतारावर ओलांडायची, पावसाळ्यापूर्वी छावणी कुठे करायची, हे सगळे चाऱ्यावर आणि जनावरांच्या खांद्यावर अवलंबून असे.

इंग्रजीत अशा सामानासाठी ‘कंबरसम’ हे विशेषण आहे. त्याच्या मुळाशी आडकाठीचा अर्थ आहे, वजनाचा नाही. रोमन सैनिक तर आपल्या बाडबिस्तऱ्याला ‘इंपेडिमेंटा’, म्हणजे सरळसरळ ‘अडथळे’, असेच म्हणत. मराठीत अवजड आणि बोजड हे शब्द वस्तूंना लागतात, आणि मागे लागलेल्या माणसा-सामानाच्या लांबलचक शेपटाला लटांबर म्हणतात. वजन आणि अवजडपणा या दोन गोष्टी निराळ्या धरल्या, तर सतराव्या-अठराव्या शतकातल्या पुष्कळ लढायांचा उलगडा सोपा होतो. बुरुजावर बसवलेली पन्नास टनांची तोफ कोणाला अडत नाही. ती जागची हलवायची ठरली की प्रश्न सुरू होतो.

असा प्रश्न विजापूरकरांपुढे मुलुखमैदान तोफेने उभा केला होता. ही तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला निजामशाहीसाठी ओतली गेली. ओतणारा कारागीर महंमद बिन हसन रूमी, म्हणजे तुर्की परंपरेतला. लांबी चौदा फुटांहून थोडी अधिक, तोंडाचा व्यास सुमारे २८ इंच आणि वजन साधारण ५५ टन सांगितले जाते. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यात होती. १६३२ मध्ये आदिलशाही मुत्सद्दी मुरार जगदेव याने ती तिथून विजापूरला आणवली. या प्रवासात चारशे बैल, दहा हत्ती आणि शेकडो माणसे लागली अशी परंपरा आहे, आणि तिची जोडीदार ‘कडकबिजली’ नदी ओलांडताना बुडाली अशी आख्यायिका. आख्यायिकेचा तपशील कसाही असो, भीमेच्या वाळूतून एवढे धूड ओढणे म्हणजे काय हे ज्याने बैलगाडी नदीपात्रात रुतलेली पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही. १८५४ मध्ये सरकारी भंगार म्हणून तिचा लिलाव पुकारला गेला तेव्हा सर्वांत मोठी बोली १५० रुपयांची आली. शेवटी विक्री रद्द झाली आणि तोफ बुरुजावरच राहिली. घेणाऱ्याला धातूच्या किमतीबरोबर वाहतुकीचा हिशेबही करावाच लागला असणार.

मोठी तोफ ओढण्याची पद्धत साधी होती आणि तिच्या अडचणीही त्याच साधेपणातून येत. गाड्याला एक लांब साखळदंड किंवा चऱ्हाट बांधायचे आणि त्याला बैलांच्या जोड्या एकापुढे एक जुंपत जायचे. सपाट, कोरड्या जमिनीवर हे ठीक चाले. वळण आले की पुढच्या जोड्या आधीच वळून गेलेल्या असत, त्यांची ओढ तिरकी लागे आणि गाडा रस्त्याच्या कडेला खेचला जाई. चढावर सगळ्या जोड्यांनी एकाच वेळी जोर लावला तरच उपयोग; एक जोडी बसली तर मागच्या तिच्यावर येत. उतारावर तर बैलांचा काहीच फायदा नसे. तिथे मागून दोर लावून माणसांनी गाडा धरून ठेवायचा, चाकाखाली उटी द्यायची आणि हात-हात खाली सोडायचा. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर यांतले काहीच चालत नसे.

फ्रेंच प्रवासी फ्रान्स्वा बर्निए १६६४ च्या अखेरीस औरंगजेबाबरोबर दिल्लीहून काश्मीरकडे निघाला, तेव्हा बादशाही तोफखान्याचे दोन भाग त्याने पाहिले. जड तोफखान्यात सत्तर तोफा, बहुतेक पितळेच्या. त्यांतल्या कित्येकांना बैलांच्या वीस-वीस जोड्या लागत आणि रस्ता खराब असला की हत्ती मागून सोंडेने आणि डोक्याने चाके रेटत. दुसरा भाग हलक्या तोफांचा, पन्नास-साठ नगांचा, घोड्यांनी ओढायचा आणि बादशहाच्या सोबत राहणारा. बादशहा हमरस्ता सोडून शिकारीला किंवा नदीकाठाने वळला की जड तोफखाना मागे राही, कारण अवघड खिंडी आणि नावांचे पूल त्याला झेपत नसत. मोगलांनी ही व्यवस्था उत्तरेच्या मैदानासाठी बसवली होती. सह्याद्रीत ती आली तेव्हा तिचे गणित बिघडले.

तरी ते प्रत्येक वेळी बिघडलेच असे नाही. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाने पुरंदरला वेढा घातला, तेव्हा शेजारच्या वज्रगडावर मारा करण्यासाठी मोठ्या तोफा डोंगरावर चढवल्या. एकेक तोफ वर न्यायला काही दिवस लागले. पण त्या चढल्या, एप्रिलच्या मध्याला वज्रगड पडला आणि जूनमध्ये तह झाला. निकोलाव मनुची त्या वेळी जयसिंगाच्या तोफखान्यात होता. अवजड साधन नेटाने, वेळ देऊन आणि पावसाळ्याआधी वापरले तर ते काय करू शकते, याचा हा धडा होता. त्याआधी १६६० मध्ये सिद्दी जौहराच्या पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रजांनी तोफा आणि गोळे पुरवले होते, आणि त्याची किंमत पुढच्याच वर्षी मराठ्यांनी राजापूरची वखार लुटल्यावर त्यांना मोजावी लागली.

शिवाजी महाराजांच्या फौजेची बांधणी या सगळ्याच्या उलट दिशेने झाली. तोफा होत्या, पण त्या गडांच्या बुरुजांवर आणि गलबतांवर. मैदानात चालणाऱ्या स्वारांबरोबर त्या नसत. सभासदाच्या बखरीत लष्कराचे जे नियम दिले आहेत, त्यांत पावसाळ्यात छावणी, दसऱ्याला कूच, आठ महिने परमुलखात आणि वैशाखात परत, असे चक्र आहे. फौजेत बायको, बटीक किंवा कळवंतीण नेऊ नये आणि नेल्यास देहदंड, असाही नियम त्यात आहे. या नियमाकडे बहुधा नीतीच्या बाजूने पाहिले जाते. त्याची दुसरी बाजू हिशेबाची आहे. एका शिलेदाराबरोबर दोन नोकर, एक तंबू, एक तट्टू आणि त्या तट्टाचा चारा वाढला की दहा हजारांच्या फौजेत काय होते, हे त्या नियमामागे स्पष्ट दिसते.

औरंगजेब १६८१ मध्ये दक्षिणेत उतरला आणि मरेपर्यंत इथेच राहिला. त्याची छावणी हे चालते शहरच होते. इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी याने १६९५ मध्ये कृष्णाकाठच्या गलगले येथे ती पाहिली. तिचा घेर तीस मैल, बाजार अडीचशे आणि माणसे पाच लाख असे तो लिहितो. आकडे ऐकीव असतील, पण चालत्या बाजाराची कल्पना त्यातून येते. अशा तळाला ‘पेशखाना’ लागे, म्हणजे डेऱ्यांचा एक जादा संच. आज ज्या डेऱ्यात मुक्काम आहे तो उद्या मोडेपर्यंत दुसरा संच पुढच्या मुक्कामावर उभा राहिलेला असे.

असाच एक पेशखाना मराठ्यांचे सेनापती संताजी घोरपड्यांनी १६९५ च्या नोव्हेंबरात नेमका हेरला. मोगल सरदार कासिमखानाने पुढच्या मुक्कामासाठी आपले डेरे सहा-एक मैलांवर पाठवले होते. मराठ्यांची एक तुकडी त्या डेऱ्यांवर पडली. ते वाचवायला खान धावला, तेव्हा दुसऱ्या तुकडीने त्याला वाटेत गाठले आणि तिसरी मागे उरलेल्या तळावर गेली. मोगल फौज दोड्डेरीच्या लहानशा गढीत कोंडली गेली. अन्न संपले, कासिमखान तिथेच मेला, आणि उरलेल्यांनी मोठी खंडणी कबूल करून अंगावरच्या कपड्यांनिशी सुटका करून घेतली. मराठ्यांच्या वेगवान डावपेचांचे कौतुक करताना एक गोष्ट सहसा नजरेआड होते : शत्रू अवजड असल्याशिवाय हे डाव चालत नसत. लुटायला आणि तोडायला पेशखानाच नसता तर संताजींच्या तीन तुकड्यांना तीन कामेही नसती.

पावसाने मोगलांचे हाल याहून जास्त केले. १७०० च्या ऑक्टोबरात माण नदीकाठी खवासपूरला तळ असताना मध्यरात्री पूर आला, माणसे-जनावरे वाहून गेली आणि गडबडीत बादशहाचा गुडघा दुखावला तो कायमचा. १७०२ मध्ये विशाळगड घेतल्यावर भर पावसाळ्यात छावणी पन्हाळ्याकडे निघाली. अंतर तीस मैलांच्या आसपास. लागले ३८ दिवस. ओढे-नाले भरलेले, उंट घाटात टिकेनात, बैल मरत होते आणि सामान जागोजाग टाकून द्यावे लागत होते.

पहिल्या बाजीरावाच्या काळात हा खेळ मैदानी मुलखात आला. १७२७-२८ च्या मोहिमेत निजाम पुण्यात येऊन बसला, तर बाजीराव जालना, बऱ्हाणपूर, गुजरात असा फिरत राहिला आणि निजामाच्या मुलखाला झळ लावत गेला. शेवटी निजामाला पाठलागाला निघावे लागले. वेगाने निघायचे म्हणजे जड तोफा मागे पडणार, आणि तोफा मागे पडल्यावर पालखेडच्या निर्जळ भागात तो घेरला गेला. मार्च १७२८ मध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. निजामाने धडा घेतला. १७३७ च्या अखेरीस भोपाळजवळ पुन्हा गाठ पडली, तेव्हा त्याने तोफा सोडल्या नाहीत. तो भोपाळच्या तटाआड शिरला आणि नंतर तोफांचे कडे भोवती धरून दिवसाला तीन-चार मैल या गतीने सरकू लागला. बाजीरावाने दाणा-वैरण तोडली, निजामाला जेरीस आणले आणि जानेवारी १७३८ मध्ये करार लिहून घेतला. पण ते कडे त्याला फोडता आले नाही, कारण फोडण्याजोग्या तोफा त्याच्याकडे नव्हत्या. हलक्या फौजेची मर्यादा इथे उघड झाली. मराठे पुढे तोफखान्याच्या मागे लागले ते हौसेने नव्हे.

याच दरम्यान कोकणात चिमाजी आप्पाने वसईचा किल्ला वेढा, मोर्चे आणि सुरुंग लावून १७३९ च्या मे महिन्यात घेतला. तिथल्या पोर्तुगीज चर्चच्या ओतीव घंटा भीमाशंकर, नाशिकचे नारोशंकराचे देऊळ आणि वाईजवळची मेणवली अशा ठिकाणी पोहोचल्या आणि आजही तिथे टांगलेल्या आहेत. त्या घाटांवर चढवणाऱ्या बैलांचा आणि बिगाऱ्यांचा मात्र कुठल्याच देवळात उल्लेख नाही.

१७६० च्या फेब्रुवारीत उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी भोपाळचे उरलेले काम पुरे केले. निजामाची फौज पुन्हा तोफांचे कडे करून सरकत होती. या वेळी मराठ्यांकडे इब्राहिमखान गारदी होता, त्याचे कवायती पायदळ होते आणि फ्रेंच धर्तीवर चालणाऱ्या तोफा होत्या. औशाजवळ ३ फेब्रुवारीला ते कडे फुटले. या विजयाचा परिणाम खोल झाला. ज्या कड्यामुळे, म्हणजे गोलामुळे, भोपाळला निजाम तगला आणि जो फोडायला तोफाच लागल्या, तो गोल करून चालणे हीच आता भाऊंना सुरक्षित युद्धपद्धती वाटू लागली.

अफगाण बादशहा अहमदशहा अब्दालीवर परतूडहून मार्चमध्ये उत्तरेकडे निघालेली भाऊंची फौज मेअखेर ग्वाल्हेरला आणि जूनमध्ये चंबळेवर पोहोचली. तोवर पाऊस आला, यमुना भरली आणि अब्दालीला दुआबात गाठण्याचा बेत फसला. फौजेबरोबर भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई आणि विश्वासरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या, इतर सरदारांची कुटुंबे होती आणि यात्रेकरूंचा तांडा होता. जाट राजा सुरजमल याने सल्ला दिला की बायकामुले, जड तोफा आणि जादा सामान त्याच्या किल्ल्यांत किंवा ग्वाल्हेरला ठेवावे आणि सड्या फौजेनिशी जुन्या पद्धतीने लढावे. मल्हारराव होळकरांचे मतही तसेच होते. भाऊंनी हा सल्ला मानला नाही.

हा नकार म्हणजे पानिपतच्या पराभवाचे सगळे कारण, असे मांडण्याची एक रीत पडली आहे. ती पुरती खरी नाही. बुणगे मागे ठेवायला हवे होते याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. तोफा मागे ठेवणे मात्र वेगळी गोष्ट होती. दिल्लीचा किल्ला ऑगस्टमध्ये आणि कुंजपुरा ऑक्टोबरमध्ये पडला तो तोफखान्याच्या जोरावरच. सल्ला देणाऱ्यांनी दोन्हींची एकच मोट बांधली आणि नाकारणाऱ्यानेही ती सोडून पाहिली नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपतला यमुना उतरला आणि मराठ्यांचा दिल्लीशी संबंध तुटला. पानिपतला खंदक खणून, कडेने तोफा मांडून फौज बसली. बसलेल्या जागी तोफखाना अजिबात अवजड नव्हता. त्याच्यामुळेच अब्दालीला तळावर चालून येता येत नव्हते. पण अडीच महिन्यांत चारा संपला, रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदेची आशाही संपली आणि घोड्या-बैलांची उपासमार सुरू झाली. १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी गोल बांधून, कुटुंबे मध्ये घेऊन यमुनेच्या रोखाने सरकत जायचे, असा बेत होता. म्हणजे जी गोष्ट अडीच महिने स्थिर होती तीच आता अर्धपोटी जनावरांच्या बळावर हलवायची होती. समोर अब्दालीच्या उंटांवरच्या जंबुऱ्या होत्या. तोफ लहान, पण उंट जाईल तिथे जाणारी. दोन्ही फौजा जवळ आल्यावर मराठ्यांच्या मोठ्या तोफांचे गोळे शत्रूच्या डोक्यांवरून पलीकडे जाऊ लागले, असे काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. दुपारनंतर पळापळ झाली तेव्हा सर्वांत जास्त कापले गेले ते बुणगेच.

पानिपतनंतर पेशव्यांनी तोफखाना सोडला नाही, वाढवला. त्याची सरदारकी पानसे घराण्याकडे होती. सासवडजवळ सोनोरीला त्यांची गढी आहे आणि गावामागच्या डोंगरावर मल्हारगड हा लहानसा किल्ला. दिवे घाटावर नजर ठेवणारा हा किल्ला १७५७ ते १७६० च्या दरम्यान बांधला गेला आणि महाराष्ट्रात बांधलेल्या किल्ल्यांतला तो शेवटचा मानला जातो. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळात आंबेगव्हाण आणि ओतूर इथे तोफेचे गोळे ओतण्याचे कारखाने होते.

१७७८ च्या हिवाळ्यात पारडे फिरले. रघुनाथरावाला पेशव्यांच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची ३,९०० ची फौज पनवेलहून बोरघाट चढून पुण्याकडे निघाली. तिच्याबरोबर १९,००० हून अधिक बैल होते. माणसामागे जवळपास पाच बैल. घाटमाथ्यावर आल्यावर तिची चाल दिवसाला पाऊण मैलावर आली. खंडाळा ते कार्ले हे आठ मैलांचे अंतर तोडायला अकरा दिवस लागले. समोर आणि बाजूंना महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांचे स्वार होते, भिवराव पानशांचा तोफखाना होता. कार्ल्याला ४ जानेवारी १७७९ रोजी कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठ्यांनी ज्याला त्याच्या शौर्यापोटी ‘इष्टुर फाकडा’ म्हटले तोच हा. ९ जानेवारीला फौज तळेगावला पोहोचली तर गाव जाळलेले, दाणा-चारा नाही. पुणे तिथून अठरा-वीस मैलांवर होते. पुढे गेले असते तर निदान लढाई झाली असती, असे इंग्रज लेखकांतल्याही काहींना वाटते. पण रसदेच्या धास्तीने ११ जानेवारीच्या रात्री माघार ठरली, जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटल्या, पुष्कळसा साठा जाळला आणि फौज अंधारात मागे फिरली. दुसऱ्या दिवशी वडगावला ती घेरली गेली, आणि काही दिवसांत वडगावचा तह झाला. दोड्डेरीला कासिमखानाचे जे झाले तेच इथे सुसज्ज कंपनीच्या फौजेचे झाले, आणि कारणही तेच : आठ मैलांच्या वाटेवर एकोणीस हजार जनावरे. दोन वर्षांनी जनरल गॉडर्डही बोरघाटातून परतताना साडेचारशेहून अधिक माणसे गमावून बसला.

मराठ्यांचा स्वतःचा तोफखाना या काळात कसा दिसे, याचे जवळून केलेले वर्णन टिपूवरच्या मोहिमेत सोबत असलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी केले आहे. १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा घातला, तेव्हा लेफ्टनंट एडवर्ड मूर तिथे होता. तोफ एकदा भरली की मोर्चातली माणसे अर्धा तास बसून गप्पा मारीत, हुक्का ओढीत. मग बार उडे, पुन्हा भरणी, पुन्हा गप्पा, आणि दुपारी तर दोन्ही बाजूंचा मारा ठरवल्यासारखा थांबे, असे तो लिहितो. वेढा सहा महिन्यांहून जास्त चालला यात नवल नाही. मेजर डिरोम याचे वर्णन गाड्यांवर आहे. लोखंड कमी आणि लाकूडच फार असे ते गाडे, त्यांची चाके बुटकी, आरे नसलेली, जाड फळ्या जोडून केलेली. तोफांना देवांची नावे दिलेली, अंगावर भडक रंग. जुन्या पराक्रमाबद्दल मान मिळालेल्या काही तोफा आता निकामी झाल्या तरी त्यांना काढून टाकता येत नसे. कूच असताना गाड्यावरच सामान लादलेले, आणि तोफ रुतली की शंभर-दीडशे बैल जोड्या-जोड्यांनी जुंपून ती बाहेर काढायची. डिरोम हे नाके मुरडत लिहितो. पण बैलांच्या त्या लांब माळेने कसल्याही रस्त्यावरून तोफ काढून नेली जाई, हे त्यालाही दिसले होते. म्हाताऱ्या तोफेला निवृत्त करता न येणे हा मात्र दोष सैन्याचा नव्हे, सरंजामाचा होता.

उत्तरेत महादजी शिंद्यांनी दुसरी वाट धरली. द बॉइन्य या युरोपीय सेनानीच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या राहिल्या, आग्ऱ्याला तोफा ओतल्या जाऊ लागल्या, आणि त्या तोफा युरोपीय तोफांच्या तोडीच्या होत्या. बदल झाला नाही तो तळात. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या टी. डी. ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्रांत तळ उभारण्याची रीत दिली आहे. बिनीवाला फौजेच्या पुढे जाऊन जागा निवडतो आणि महाराजांच्या देवडीच्या जागी लहानसे पांढरे निशाण रोवतो. त्यापासून बाजारांची निशाणे ठराविक अंतरांवर लागतात आणि संध्याकाळपर्यंत कालच्यासारख्याच पेठा, त्याच क्रमाने, नव्या माळावर उभ्या राहतात. रोज नवे शहर वसवणारी ही व्यवस्था बेशिस्त नव्हती. तिची शिस्त बाजाराची होती, लढाईची नव्हती.

इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने १८०३ मध्ये मराठ्यांविरुद्ध जे साधले त्याचे मूळ बैलांत आहे. म्हैसूरचा कारभार पाहताना हैदर-टिपूंच्या अमृतमहाल खिल्लारांची किंमत त्याला कळली होती. उंच, सडपातळ, चपळ बैल. ओझ्याच्या दांडग्या बैलांपेक्षा कमी ओढणारे, पण वेगाने चालणारे. त्याच्या पत्रव्यवहारात बैल, त्यांची पेंड, त्यांचे हाकणारे आणि त्यांचा पगार हा विषय पुन्हा पुन्हा येतो. वंजाऱ्यांच्या तांड्यांशी त्याने धान्याचे करार केले. ऑगस्टमध्ये अहमदनगर आणि २३ सप्टेंबरला असईची लढाई त्याने जिंकली. असईला मराठी तोफांनी आपले काम चोख केले : सुरुवातीच्याच माऱ्यात इंग्रजांचे तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज उडाले, आणि वेलस्लीला तोफा मागे टाकून संगिनींवर पुढे जावे लागले. शंभरच्या आसपास तोफा शिंद्यांनी तिथे गमावल्या. त्या तोफा वाईट होत्या म्हणून हरल्या असे म्हणता येत नाही. पायदळ मागे हटल्यावर त्या हलवता आल्या नाहीत. डिसेंबरात गाविलगडासाठी कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने एलिचपुराकडून डोंगर फिरून जड तोफा नेल्या. वाट आधी तयार करायची आणि मग तोफा हातांनी ओढायच्या, असे पाच-सहा दिवस चालले. १५ डिसेंबरला किल्ला पडला.

त्यानंतर अवघ्या सात महिन्यांत यशवंतराव होळकरांनी कर्नल मॉन्सनला मुकुंदरा खिंडीपासून आग्ऱ्यापर्यंत पिटाळले. १८०४ चा पावसाळा होता, माळव्या-हाडोतीची काळी जमीन चिखल झाली होती, आणि मॉन्सनच्या तोफा रुतून तिथेच सोडाव्या लागल्या. असईचे आणि या माघारीचे सैन्य एकाच कंपनीचे. फरक ऋतूचा आणि बैलांच्या तजविजीचा.

तोफांच्या वजनात पुढच्या काही दशकांत फारशी घट झाली नाही, रस्ते झाले. बोरघाटातून चाकांच्या गाड्या जातील असा बांधीव रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कमने खुला केला. ज्या चढाने १७७८ च्या फौजेला जेरीस आणले होते तिथून मालाच्या बैलगाड्या नित्य जाऊ लागल्या, आणि घाटातल्या बैलांच्या पाठीवरच्या वाहतुकीवर जगणाऱ्या वंजारी-लमाणांच्या तांड्यांचा धंदा हळूहळू बसत गेला. १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी सुरू झाली. अमृतमहालाचे सरकारी खाते त्याआधीच, १८६० मध्ये, काटकसरीसाठी मोडीत काढले होते. काही वर्षांतच जातिवंत बैल मिळेनात म्हणून ते पुन्हा उभे करावे लागले.